रेघांच्या जागी आकडे

"काढू नका! काका, हात लावू नका त्याला!"

ज्या माणसाला मी कधी पाहिलं नव्हतं, ज्याचा आवाजही मिनिटभरापूर्वी पहिल्यांदा ऐकला होता, त्याच्यावर मी अशी ओरडले. सासूबाई हातातला पेपर टाकून उठून आल्या.  फोनवरून तो आवाज म्हणाला, "नाय काढत. बोट उचललाय. पन झाला काय ता सांगा."

मोबाइलला सिग्नल किती मिळतोय हे दाखवणारं एक छोटं ॲप मी बनवलंय. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी बरीच वर्षं दुसऱ्यांची सॉफ्टवेअर तपासत होते. कंपनीने ऑफिस लांब हलवलं, मी हलले नाही आणि घरी बसले. डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये फोन धड लागायचा तो फक्त देव्हाऱ्याशेजारच्या कोपऱ्यात. तोच कोपरा का, हे शोधायच्या नादातून ते ॲप झालं. फोनच्या वरच्या बाजूला ज्या दांड्या दिसतात त्या माणसाला बरं वाटावं म्हणून असतात. खरा हिशोब आकड्यात असतो आणि तो आकडा नेहमी उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. उणे ऐंशी म्हणजे मजेत गप्पा मारा. उणे एकशे वीस म्हणजे "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" माझं ॲप तो आकडा दाखवतं, तो कुठल्या टॉवरकडून आलाय ते सांगतं आणि थोड्या थोड्या वेळाने साठवून ठेवतं, म्हणजे पुढे त्याचा आलेख बघता येतो.

ॲपमध्ये 'काही अडचण असल्यास फोन करा' असं लिहून मी हौसेने एक नंबर दिलेला. त्यावर तोपर्यंत एकाही माणसाने फोन केला नव्हता. हा पहिला. त्यामुळे मला आधी आनंदच झाला, आणि तो आनंद पुरता व्हायच्या आत ते गृहस्थ म्हणाले की फोनने परवा आपणहून नवीन सिस्टम चढवून घेतली, तेव्हापासून ॲपमध्ये आकड्यांच्या जागी नुसत्या रेघा येतायत, कोणीतरी सांगितलं की ॲप काढून परत टाका, म्हणून आता काढतोच आहे. तेव्हा मी ओरडले. कारण साठवलेले सगळे आकडे ॲपच्या पोटात असतात. ॲप काढलं की तेही गेले.

"किती दिवसांचे आकडे आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आवो, पावसाल्यापासनं मोजतंय मी! घरान, ओट्यावर, गल्लीन. आन् उद्या दुपारी मोबाइल कंपनीचा साहेब येतंय तेच बगायला. तुमचा ॲप नेमका आताच आंधला झाला!"

ते शीळफाट्याच्या पुढच्या एका गावातून बोलत होते. गाव आता महापालिकेत आहे, पण ते गावच म्हणतात. फोन लागावा म्हणून टेरेसवर पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले होते. वाऱ्याचा आवाज येत होता. जुनं शेतकरी घर, पूर्वी शेती आणि मिठागरावर काम, आता जमिनीवर गोदामं, ती भाड्याने. स्वतःसाठी तीन मजल्यांचं घर बांधलंय. त्यांची मुलगी कुठल्याशा कंपनीत कामाला, काम घरून करायचं. पण घरात नेटवर्क नाही.

"म्हनून पोरगी डोंबिवलीन रूम घेऊन रव्हते," ते म्हणाले. "तीन माल्याचा घर हाय माजा, ताई. आन् पोरगी भाड्याचे खोलीन."

मोबाइल कंपनीकडे त्यांनी तक्रारी केल्या. प्रत्येक वेळी उत्तर आलं की तुमच्या भागात सेवा व्यवस्थित आहे. मग मुलीनेच त्यांच्या फोनमध्ये माझं ॲप टाकून दिलं आणि सांगितलं, आकडे दाखवा. त्या आकड्यांच्या जोरावर शेवटी कंपनीने माणूस पाठवायचं कबूल केलं होतं.

मी त्यांना म्हटलं, "काका, फोन जसा आहे तसा ठेवा. मी तासाभरात कळवते."

फोन ठेवला आणि मी धावत जाऊन लॅपटॉप उघडला.  कंपनीत असताना सगळ्यात अवघड दोष टेबलावर आला की मी अशीच धावायचे. किती दिवसांनी ते परत होत होतं!

अडचण एकच होती. माझ्या फोनवर ती नवीन सिस्टम आलीच नव्हती. माझ्याकडे ॲप झकास चालत होतं, आकडे खालीवर होत होते. चालणाऱ्या गोष्टीत बिघाड कसा शोधणार?

"माझ्या फोनवर आली आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "मी लगेच करून टाकते. ते सारखं विचारत बसतं, मग वाईट वाटतं."

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडायच्या. फोन या वस्तूबद्दल त्यांना आजही आदर आहे. मी त्यांच्या फोनवर ॲप उघडलं आणि अक्षरशः टाळी वाजवली. रेघा! आकड्याच्या जागी रेघ, टॉवरच्या जागी रेघ, हुबेहूब काकांनी सांगितल्यासारखं.

"तुला आनंद कसला झालाय?" त्या म्हणाल्या. "बिघडलंय ना ते?"

"आई, बिघाड हातात आला! आता जातो कुठे?"

आणि तो फार पळालाही नाही. जवळपास कोणता टॉवर आहे हे कळलं की माणूस कुठे आहे तेही कळतं. म्हणून ॲपने टॉवरबद्दल विचारलं की फोन आधी बघतो, याला मालकाने ठिकाणाची परवानगी दिली आहे का. सासूबाईंनी कित्येक महिन्यांत ॲप उघडलं नव्हतं, तेव्हा फोनने जुनी परवानगी काढून घेतली होती. मी उघडायच्या आधी, सकाळी, त्यांनी सहज एकदा उघडून पाहिलेलं. त्यावेळी फोनने विचारलं होतं: अचूक ठिकाण सांगू की साधारण?

"मग तुम्ही काय दाबलंत?"

"साधारण," त्या ठामपणे म्हणाल्या. "कोणा परक्याला कशाला आपला नेमका पत्ता द्यायचा? डोंबिवली कळलं तरी पुष्कळ झालं."

साधारण परवानगीवर टॉवरची माहिती मिळत नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन 'अचूक' केलं, ॲप पुन्हा उघडलं आणि रेघांच्या जागी उणे चौऱ्याण्णव उमटलं. सासूबाईंनी चष्मा वर करून वाचलं आणि "आला ग बाई, आला!" असं म्हणून माझ्या पाठीत धपाटा घातला.

मी काकांना फोन लावला. लागेना. परत लावला. शेवटी तेच टेरेसवर आले आणि त्यांनी केला. मी एका दमात सगळं सांगितलं, इथे जा, ते दाबा, अचूक करा. ते एकेक वाचत गेले.

"अचूकच हाय वो, ताई."

"वरची पट्टी खाली ओढा. तिथे ठिकाण चालू आहे का?"

"हाय."

"ॲप वापरत असतानाच, की कायम?"

"कायम लिवलाय."

"आणि रेघा?"

"रेघाच."

माझं तोंड पडलं. सासूबाईंना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. म्हणजे त्यांच्या फोनचा आजार वेगळा होता आणि काकांच्या फोनचा वेगळा. लक्षण तेवढं एक. मी बॅटरीचं सेटिंग विचारलं, फोन बंद करून चालू करायला लावला, दोन सिम आहेत का विचारलं. एकच होतं. काका न कंटाळता सगळं करत होते, पण आवाज उतरत चालला होता. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, ताई. साहेबाला सांगू, मशीन बिगडली."

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन माझ्या हातून घेतला. "असं काही सांगू नका. आम्ही सकाळी येतो तुमच्याकडे. पत्ता सांगा. नेमका सांगा."

सकाळी आम्ही निघालो. लॅपटॉप, केबल, माझा फोन, सासूबाईंचा फोन. रिक्षा कल्याण-शीळ रस्त्याला लागली तशी सासूबाईंनी ॲप उघडलं आणि मोठ्याने आकडे वाचायला सुरुवात केली. "ब्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. अगं, शंभर! परत नव्वद." रिक्षावाला आरशातून बघायला लागला. त्याला वाटलं असावं की म्हातारी गाड्यांचे नंबर वाचतेय. आकडा गेला की त्या हळहळायच्या, आला की खूश. मी डोक्यात एकेक शक्यता खोडत होते आणि एकीकडे मला हसूही येत होतं.

गावात शिरल्यावर मात्र त्या गप्प झाल्या. "एकशे तेरा," त्या हळूच म्हणाल्या. "एकशे सतरा." आणि मग, "गेला."

मी मान वर केली. गावाच्या तिन्ही बाजूंनी उंच उंच इमारती उभ्या होत्या, काही राहत्या, काहींवर अजून हिरवी जाळी. मध्ये हे गाव वाटीच्या तळाशी असल्यासारखं.

काका दारातच होते. पन्नाशी उलटलेले, अंगात पांढरा शर्ट, साहेब येणार म्हणून नुकताच इस्त्री केलेला. काकू आतून पाणी घेऊन आल्या आणि सासूबाईंना पाहून म्हणाल्या, "तुमी पन काम्पुटरवाल्या क?" सासूबाई म्हणाल्या, "हो, थोडीशी." मी बघतच राहिले.

काकांचा फोन हातात घेतल्यावर पाच मिनिटांत मी सगळी सेटिंग पाहिली. त्यांनी सांगितलं होतं ते अक्षर न् अक्षर खरं होतं. परवानगी पूर्ण, ठिकाण चालू, बॅटरीचा अडथळा नाही. तरी रेघा. मग आता फोनच्या पोटात डोकावण्यावाचून इलाज नव्हता. त्यासाठी फोन लॅपटॉपला जोडायचा, आणि जोडण्याआधी एक गंमत करावी लागते: सेटिंगमध्ये अगदी खाली जाऊन एकाच ओळीवर लागोपाठ टकटक बोट मारायचं. मी मारत गेले आणि फोनवर संदेश आला की तुम्ही आता डेव्हलपर झाला आहात.

काकांनी तो वाचला आणि दचकले. "मी डेव्हलपर? नको नको, ताई. आमचे इकडं डेव्हलपर म्हंजे बिल्डर. गावान कोनी आयकला तं दारात लाइन लागंल!"

काकू एवढ्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. पण त्या हसण्याने माझ्या मनावरचा ताण उतरला. मी केबल लावली, लॅपटॉपवर ॲपची आतली बडबड चालू केली आणि ओळी सरसर वर जायला लागल्या.

आधी मला काही दिसलं नाही. म्हणजे बिघाड दिसला नाही. फोन माहिती देत होता! टॉवरचा क्रमांक होता, आकडा होता, सगळं येत होतं. उणे एकशे सोळा, उणे एकशे अठरा. आणि तरी पडद्यावर रेघ. मी तीच ओळ दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली, आणि मग त्या ओळीच्या सुरुवातीला असलेला शब्द माझ्या नजरेत भरला. माहितीचा प्रकार. मी ॲप बनवलं तेव्हा फोरजीचा विचार केला होता. फोनकडून आलेली माहिती फोरजीची असली की घे, नाहीतर सोडून दे, असं लिहिलेलं. इथे येत होती ती फाइव्हजीची. नवीन सिस्टम चढली तेव्हा काकांच्या फोनमध्ये फाइव्हजी चालू झालं होतं. लांबून कुठून तरी येणारा तो क्षीण फाइव्हजी फोन धरून बसला होता, आणि माझं ॲप तो आकडा हातात येताच केरात टाकत होतं.

"सापडला!" मी किंचाळले. "काका, सापडला!"

"कुटं?" काका खरंच जमिनीवर बघायला लागले.

मी त्यांना आणि सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे कॉल येतोय, पण आपल्या बोर्डावर त्याला जोडायला जागाच नाही."

"तेच, आई! अगदी तेच!"

खात्री करून घ्यायची होती. मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन फाइव्हजी बंद केलं, फक्त फोरजी ठेवलं. थोडं थांबलो. चौघं एका फोनवर वाकलेलो. रेघ, रेघ, रेघ... आणि उणे एकशे पंधरा! काकांनी दोन्ही हात वर केले. मी परत फाइव्हजी चालू केलं, परत रेघ. बंद केलं, परत आकडा. तिसऱ्यांदा काकांनी स्वतः करून बघितलं, मग काकूंनी. काही कारण नव्हतं, पण त्या बटणाची मजाच तशी होती.

"मग झाला!" काका म्हणाले. "असाच ठेवू. साहेब येल तवर."

तसं ठेवता आलं असतं. पण साहेबाने पहिला प्रश्न हाच विचारला असता की फाइव्हजी का बंद ठेवलंय, तुमच्या गावाला फाइव्हजी आहे की. आणि खरं सांगायचं तर मला आता थांबायचंच नव्हतं. मी म्हटलं, "आपण ॲपच दुरुस्त करू. इथेच."

दुरुस्ती लहान होती. फाइव्हजीची माहिती आली तर तीही घे, तिचा आकडा असा वाच, एवढंच सांगायचं होतं. मी ओट्यावर मांडी घालून लिहिलं, दोनदा तपासलं आणि ॲप नव्याने बांधायला लावलं. लॅपटॉपने थोडा वेळ विचार केला आणि सांगितलं की एक फाइल कमी आहे, इंटरनेटवरून आणावी लागेल.

इंटरनेट! त्या घरात!

 मग काका उठले. "चला टाकीवर."

तीन मजले चढून आम्ही टेरेसवर गेलो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना मी खालीच बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "आणि इथवर येऊन मी काय तुझ्या चपला सांभाळू?" टेरेसवर ऊन असं होतं की लॅपटॉपचा पडदा काळाठिक्कर दिसत होता. काकूंनी पापड वाळत घातलेली चादर उचलली, पापड बाजूला केले, आणि ती चादर माझ्या डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. एक टोक त्यांच्याकडे, एक काकांकडे. टाकीच्या कठड्यापाशी सासूबाई माझा फोन उंच धरून उभ्या, त्यावरून लॅपटॉपला नेट. मी चादरीखाली पापडाच्या वासात बसलेले. फाइल येत होती, अडत होती.

"आई, थोडं डावीकडे!"

"डावीकडे कमी होतंय. उजवीकडे वाढतंय, बघ, नव्याण्णव." त्यांच्या दुसऱ्या हातात त्यांचा स्वतःचा फोन होता, ॲप चालू. आकडे बघत बघत त्या जागा शोधत होत्या. मला ते बघून भरून आलं. मी ते ॲप ज्यासाठी केलं होतं तेच काम त्या करत होत्या, आणि ते खरंच उपयोगी पडत होतं.

फाइल आली. ॲप बांधून झालं. आता शेवटची पायरी, आणि तिथे मी थांबले. जुनं ॲप न काढता त्याच्यावरच नवीन चढवायचं होतं. तसं केलं की पोटातले आकडे जागच्या जागी राहतात, हे मला माहीत होतं, आजवर किती वेळा केलं होतं. पण ते माझ्या फोनवर, माझे आकडे. हे पावसाळ्यापासूनचे काकांचे होते. मी आधी त्या आकड्यांची एक प्रत केबलने लॅपटॉपवर काढून घेतली. मग काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दाबा ताई. मना भरोसा हाय."

दाबलं. ॲप बंद झालं, पुन्हा उघडलं. पडद्यावर उणे सत्याण्णव, आणि त्याखाली लहान अक्षरात फाइव्हजी. मी आलेख उघडला, बोटाने मागे सरकवत नेला: अपडेटनंतरची रिकामी जागा, तिच्यामागे गेला आठवडा, गेला महिना, सगळे खड्डे, सगळे चढउतार, पार पावसाळ्यापर्यंत.

"हाय सगला!" काका चादर सोडून नाचायलाच लागले. चादर माझ्या डोक्यावर पडली. बाहेर काकूंचा हसण्याचा आवाज, सासूबाई ओरडत होत्या, "अगं, पापड! पापड तुडवताय तुम्ही!"

साहेब आला तेव्हा आम्ही जेवून बसलो होतो. तांदळाची भाकरी, सुकट. सासूबाईंसाठी काकूंनी वेगळी वांग्याची भाजी केली होती. साहेब म्हणजे तिशीतला एक इंजिनिअर, पाठीला सॅक, दिवसभर उन्हात फिरून लाल झालेला. भांडायला आलेला नव्हता, पण त्याला घाई होती. काकांनी आलेख दाखवला तर तो नम्रपणे म्हणाला, "अशी ॲप खूप असतात, काका. त्यांचे आकडे आम्हाला धरता येत नाहीत."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुमच्याकडे मोजायचं तुमचं साधन असेल ना? दोन्ही शेजारी धरू या."

त्याने सॅकमधून त्याचा फोन काढला, त्यावर कंपनीचं मोजणीचं ॲप होतं. काकांनी त्याच्या शेजारी आपला धरला. टेरेसवरून सुरुवात केली. त्याचं उणे शहाण्णव, आमचं सत्याण्णव. एक मजला उतरलो. त्याचं एकशे पाच, आमचं एकशे पाच.  अजून एक मजला. त्याचं एकशे अकरा, आमचं एकशे बारा.  जिन्यात काका आकडे वाचत होते आणि इंजिनिअर मान हलवत होता. तळमजल्यावर स्वयंपाकघरात गेलो, गॅसच्या ओट्यापाशी उभे राहिलो. दोन्ही फोनवर उणे एकशे एकोणीस.

इंजिनिअरने फोन खाली केला. "तुमचं ॲप कोणी बनवलंय?"

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"बरं आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून तेवढंच निघालं, पण मला ते बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं. मग त्याने आलेखातली रिकामी जागा दाखवून विचारलं, हे काय. मी सांगून टाकलं की तेवढे दिवस ॲपला फाइव्हजी वाचता येत नव्हतं, आज सकाळी दुरुस्त केलं. तो हसला. "आमच्या ॲपचंही अपडेटनंतर असंच होतं. फक्त आम्हाला दुरुस्त करून मिळायला महिना लागतो."

आता त्याची घाई गेली होती. तो काकांबरोबर सगळ्या गल्ल्या फिरला. शेवटी मारुतीच्या देवळापाशी उभा राहून त्याने समोरच्या इमारतींकडे हात केला. पूर्वी ज्या टॉवरवरून गावाला सिग्नल यायचा तो त्या इमारतींच्या पलीकडे होता. "हे टॉवर उभे राहिले आणि आमचा टॉवर झाकला गेला. कागदावर तुमचं गाव अजून उघडंच आहे."

काका त्या इमारतींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तो कडेचा हाय ना, पिवला. ती जमीन माजीच व्हती."

 त्यांच्या आवाजात पश्चात्ताप होता असं मला वाटलं नाही. एखादी गोष्ट नुकतीच कळल्यावर माणूस बोलतो तसं ते बोलले.

इंजिनिअरने वचन दिलं नाही. अहवाल देतो म्हणाला, आणि काकांचे आकडे मागून घेतले.

परतताना मी आणि सासूबाई डोंबिवली स्टेशनाजवळ उतरलो. दोघींनाही घरी जायची इच्छा नव्हती. एका हॉटेलात मिसळ मागवली, मी टेबलावरच लॅपटॉप उघडला आणि दुरुस्त केलेलं ॲप सगळ्यांसाठी पाठवायची तयारी केली. शेवटचं बटण सासूबाईंनी दाबलं. दाबण्याआधी त्यांनी पदराला बोट पुसलं. रात्रीपर्यंत कुठल्या कुठल्या गावच्या लोकांचे संदेश आले, की रेघा गेल्या. म्हणजे बाकीच्यांकडेही रेघाच होत्या. त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. फोन करणारे एक काकाच.

पुढे दोनेक महिने काही झालं नाही. काका मधूनमधून फोन करायचे आणि कंटाळून शिव्या घालायचे, अर्थात कंपनीला. मग एक दिवस त्या इमारतींपैकी एकीच्या गच्चीवर गावाच्या दिशेने नवीन अँटेना बसली. वरच्या आळीत फोन खणखणीत लागायला लागले. खालच्या आळीत, जिथे जमीन उतरते, तिथे अजूनही रडारड आहे. काकांनी तिथल्या तीन घरांत ॲप टाकून दिलंय आणि आता ते तिघांचे आकडे गोळा करतायत.

एका रविवारी आमच्या बिल्डिंगखाली टेंपो उभा राहिला. काका खालून हाका मारत होते, "ताई! आई! खाली या जरा!" आम्ही उतरलो. टेंपोत गादी, टेबल, पंखा, पुस्तकांचा खोका, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी त्यांची मुलगी. मी तिला पहिल्यांदाच बघत होते. खोली सोडून ती घरी चालली होती.

"सगळ्या घरात येतंय का आता?" मी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर मस्त येतंय," ती म्हणाली. "खाली किचनमध्ये अजून कट होतं. पण मी काय किचनमध्ये बसून काम करणार आहे?"

"बसायला काय हरकत हाय?" काका म्हणाले. "आईला मदत होल." आणि मुलीने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की सासूबाईंना हसू आवरेना. काकांनी टेंपोच्या मागून आंब्याच्या लोणच्याची बरणी काढून माझ्या हातात दिली, टेंपो सुरू झाला, आणि सामानाच्या ढिगावर उपडं ठेवलेलं टेबल पाय वर करून शीळफाट्याच्या दिशेने निघालं.